किल्लीची कळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला व्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलावयाचे असेल अशी माझी समजूत झाली. मी बी. ए. झालेला माणूस, त्यानंतरची तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेली. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता आणि बिल भरण्यापुरता. परंतु चिटणीस म्हणाले, "आपल्या वास्तूची डागडुजी चालू आहे. वाचनालय, भांडारगृह आणि मागचा जिना या तीन ठिकाणी विजेची कुलुपे बसवावयाची आहेत. कंत्राटदाराच्या नकाशात प्रत्येक दाराशी 'की-स्विच' असे लिहिले आहे. तुमच्या कार्यालयात तसले काही आहे म्हणे; तेव्हा चार शब्द तुम्हीच सांगा." हा विषय मला किती जवळचा आहे, याची चिटणीसांना कल्पना नव्हती. मी मात्र होकार देताना थोडा थांबलो होतो. का थांबलो, ते ओघाने येईलच.

आरंभी शब्दांविषयी थोडेसे. दाराच्या बाबतीत आपली मराठी मोठी उदार आहे. 'दार' हे संस्कृत द्वाराचे. 'कुलूप' अरबीतून आलेले. 'चावी' पोर्तुगीजांनी दिलेली, आणि तीच हिंदीत जाऊन 'चाबी' झालेली. रायपुरातल्या आपल्या मुलांना 'किल्ली' म्हटले की क्षणभर विचार करावा लागतो आणि 'चाबी' म्हटले की ती तत्काळ धावतात. त्याचे मला वैषम्य वाटत नाही. पुण्यामुंबईकडे सर्रास बोलली जाणारी 'चावी' तरी कुठे आपल्या घरची आहे? तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा या भागांतील जुन्या घरांतून जे अडसर आणि कडीकोयंडे आपण लहानपणी पाहिले, त्यांची नावे तेवढी खास आपली. ज्या वस्तूविषयी आज बोलावयाचे आहे तिला मराठी नाव नाही. मी तिला 'किल्लीची कळ' म्हणतो. यंत्राचा खटका म्हणजे कळ. पोटात उठते तीही कळच.

ही वस्तू दिसावयास अगदी साधी असते. दाराशेजारी भिंतीत बसविलेली तळहाताएवढी पट्टी आणि तिच्या मध्यभागी किल्लीचे छिद्र. आतले कुलूपही नेहमीचेच. अमेरिकेतील लायनस येल याने १८६१ च्या सुमारास सिद्ध केले त्याच जातीचे. लहानमोठ्या खिळ्या स्प्रिंगांवर उभ्या असतात. योग्य किल्लीच्या दात्यांनी त्या सगळ्या नेमक्या एका रेषेत आल्या म्हणजे मधला दांडा फिरतो. लाकडी खिळ्यांची हीच युक्ती प्राचीन मिसर देशातील लोकांनाही ठाऊक होती. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलुपांचा कारखाना काढला, आणि तेव्हापासून कुलूप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक विश्वासाची वस्तू उभी राहते. किल्ली फिरली की दांडा सरकतो, आणि दांडा सरकला की दार उघडते. हाताला ते कळते, कानाला ऐकू येते.

किल्लीच्या कळेत मात्र फिरलेला दांडा कोणताही अडसर सरकवीत नाही. तो केवळ दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकवितो अथवा विलग करतो. म्हणजे विजेचे मंडल पुरे होते किंवा तुटते, एवढेच. दाराला धरून ठेवणारे कुलूप दुसरीकडेच असते, चौकटीत वा दाराच्या माथ्यावर, आणि ते १२ किंवा २४ व्होल्टच्या प्रवाहावर चालते. किल्ली तुमच्या हातात असते. दार उघडते ते वीज. किल्ली फक्त विजेच्या कानात सांगते की हा माणूस आपला आहे. आता ऐकावयास वीजच जागेवर नसेल तर काय, हा प्रश्न ही वस्तू विकत घेणाऱ्याला सहसा सुचत नाही. मला सुचला नव्हता.

विजेच्या कुलुपांच्या मुख्य जाती दोन. एकीत चौकटीच्या माथ्याला विद्युच्चुंबक आणि दाराला लोखंडी पट्टी असते. प्रवाह चालू आहे तोवर ते चुंबक पट्टीला असे घट्ट धरते की दोघे धट्टेकट्टे पुरुष मिळून ओढू लागले तरी दार हलत नाही. बाजारात सर्रास मिळणारे चुंबक सुमारे २७० किलोची ओढ सहन करते. पण प्रवाह थांबला की तत्क्षणी पकड सुटते. ही वीज गेली की उघडणारी जात. दुसरीत पोलादी खिटी असते, ती स्प्रिंगच्या जोरावर आपोआप अडकलेली राहते आणि विजेचा झटका मिळाला तरच मागे सरते. ही वीज गेली की बंद राहणारी जात. पहिल्या जातीत किल्लीची कळ प्रवाह तोडण्याचे काम करते, दुसरीत जोडण्याचे. बाहेरून पाहणाराला दोन्ही सारख्याच दिसतात. तीच पट्टी, तेच छिद्र, तीच किल्ली.

आता मी थांबलो होतो ते का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो, तेथे अभिलेखांच्या खोलीला विजेचे कुलूप बसवावयाचे ठरले. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. कागद महत्त्वाचे होते आणि पूर्वी एकदा काही फायली गहाळ झाल्यामुळे सगळेच धास्तावलेले होते. कंत्राटदाराने एक छापील तक्ता भरावयास दिला. त्यात एक ओळ होती, 'वीजपुरवठा खंडित झाल्यास दार: उघडे / बंद'. मी क्षणाचाही विचार न करता 'बंद' यावर खूण केली आणि खाली सही केली. चोर माझ्या मनात होता, माणूस नव्हता. जुने कुलूप निघाले, आतली मूठ निघाली, तिच्या जागी गुळगुळीत पत्रा बसला. बाहेर कार्डाचे यंत्र आणि किल्लीची कळ, आत बाहेर पडण्याचे एक बटण, आणि माथ्यावर एका पेटीत बॅटरी. दिसावयास सगळे मोठे झोकदार होते. कळेच्या दोन किल्ल्यांपैकी एक तिजोरीत ठेवली आणि दुसरी माझ्या खिशात.

पुढे दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यातला एक शनिवार. कार्यालयाला सुटी, परंतु लेखापरीक्षणाची तयारी असल्यामुळे दोघेतिघे कामावर आले होते. मी आपल्याच मंडळात होतो. मुलांच्या उन्हाळी शिबिराचा समारोप होता आणि बक्षिसे माझ्या हस्ते द्यावयाची होती. सभेचा शिष्टाचार म्हणून भ्रमणध्वनी मुका केलेला. रायपूरचा मे महिना तुम्हांला सांगावयास नको. दुपारी तीनच्या सुमारास त्या भागातली वीज गेली. आमचे दप्तरी, निवृत्तीला वर्षभर राहिलेले एक छत्तीसगढी गृहस्थ, त्या वेळी अभिलेखांच्या खोलीत कपाटामागे फायली लावीत होते. अंधार झाला, पंखा थांबला. त्यांनी चाचपडत दार गाठले आणि बटण दाबले. काही झाले नाही. बॅटरी केव्हाच निकामी झाली होती. ती बदलावी लागते हे कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हते.

समारोप संपल्यावर मी खिशातला फोन पाहिला तेव्हा त्यावर नऊ निरोप होते. मी पोहोचलो तेव्हा दाराबाहेर पहारेकरी आणि दोघे लिपिक उभे होते. आतून दारावर थाप येत होती, फार जोराची नव्हे. मी खिशातून किल्ली काढली आणि कळेत घातली. ती किल्ली खरी होती. ती सहज फिरली. दार मात्र उघडले नाही. मी पुन्हा फिरविली, उलटी फिरविली, जोर केला. ज्या विजेने दार उघडावयाचे ती आलीच नव्हती, हे मला त्या क्षणी उमगले नाही. मी वेड्यासारखा किल्लीच फिरवीत राहिलो. शेवटी पहारेकऱ्याने जवळच्या कारखान्यातला एक लोहार धरून आणला. सुदैवाने दार बाहेर उघडणारे होते. त्याने बिजागरांच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि पहारीने दार उचकटले. एकूण सव्वा तास झाला होता.

दप्तरी जमिनीवर, दाराच्या फटीशी तोंड करून पडले होते. गमछा घामाने चिंब झाला होता. त्यांना बाहेर सावलीत नेले, पाणी पाजले, दवाखान्यात नेले. ते बरे झाले. बाहेर ओसरीत बसविल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, "साहब, चाबी तो आपके पास थी ना?" मी होय म्हणालो. याहून अधिक बोलावयासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

चौकशी झाली, अहवाल झाला, त्यात माझा दोष नाही असे ठरले. परंतु तक्त्यावरची खूण माझ्याच हातची होती. तेव्हापासून या विषयाची मला खोड लागली. जेथे जाईन तेथे मी दारे पाहू लागलो.

आमच्या शेजारी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ राहतात. त्यांना हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, "किल्लीची कळ आमच्याकडे किती जुनी आहे, ती समजावून घ्या." त्यांनी सांगितलेली फाटकाची रचना मला फार आवडली. सिग्नलशी जोडलेल्या फाटकावर गेटमन दांडे खाली करतो आणि किल्लीने त्यांना कुलूप घालतो. दांडे पुरते बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज ती किल्ली कुलुपातून निघतच नाही. निघालेली किल्ली तो आपल्या खोलीतल्या एका यंत्रात घालून फिरवितो. तेव्हा विजेचे मंडल जुळते आणि मगच गाडीसाठी सिग्नल देता येतो. सिग्नल दिलेला असेतोवर किल्ली यंत्रात अडकून राहते, त्यामुळे गेटमनने मनात आणले तरी फाटक उघडता येत नाही. एकच किल्ली आहे आणि ती एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते, या साध्या सत्यावर ती सारी योजना उभी आहे. विजेच्या उच्च दाबाच्या उपकेंद्रांतही हीच युक्ती वापरतात. प्रवाह तोडल्यावाचून पिंजऱ्याच्या दाराची किल्ली हाती येत नाही.

मी विचारले, "आणि वीज गेली तर?" ते म्हणाले, "सिग्नल लाल होतो, गाडी थांबते. किल्ली अडकली तर काचेच्या पेटीत मोहोरबंद केलेली दुसरी किल्ली असते; ती काढावयाची तर नोंद करावी लागते." मी म्हणालो, "म्हणजे तुमच्याकडेही 'बंद'वरच खूण आहे." त्यावर ते हसले. "साहेब, फाटकात कोणी कोंडलेला नसतो. अडलेला माणूस उघड्यावर उभा असतो, फार तर आम्हांला शिव्या देतो. तुमचा माणूस आत होता."

एवढ्या एका वाक्यात सगळा विषय आला असे मला वाटते. 'उघडे' बरे की 'बंद' बरे, याचे उत्तर विद्युच्छास्त्रात नाही. ते दाराच्या कोणत्या बाजूला माणूस आहे यात आहे. सरकारी कोषागारात दोन कुलुपांची जुनी रीत आहे. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्यावाचून दार उघडत नाही. रीत उत्तम आहे, कारण आत नाणी आणि नोटा असतात, त्यांना श्वास घ्यावा लागत नाही. मी ती रीत नकळत माणसांच्या खोलीला लावली.

हे काही माझ्या एकट्याचे अज्ञान नव्हे. हिरकणीची आख्यायिका आपल्याला ठाऊक आहे. शिवकालीन गडावर दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. सायंकाळी दरवाजे लागत आणि सकाळीच उघडत. रायगडावर दूध विकावयास आलेली गवळण उशीर झाल्यामुळे आत अडकली, आणि घरी तान्हे मूल असल्यामुळे कडा उतरून गेली. पहाऱ्यावरचा माणूस चुकला असे कोणी म्हणणार नाही. हुकूम शत्रूसाठी होता, आत एखादी आई असेल हे हुकूम लिहिणाराच्या ध्यानात नव्हते. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला, असे आख्यायिका सांगते. म्हणजे उतरावयाची वाटही बंद झाली! दरवाजाचा नियम बदलला किंवा नाही, याविषयी आख्यायिका मूक आहे.

इंग्लंडमधील संडरलंड गावी १८८३ साली, जून महिन्यात, व्हिक्टोरिया हॉल नावाच्या सभागृहात मुलांसाठी जादूचे प्रयोग होते. अखेरीस खेळणी वाटावयाची होती. खाली खेळणी मिळू लागली असे पाहून गॅलरीतली मुले जिन्याने धावली. जिन्याच्या तळाशी असलेले दार आतल्या बाजूस उघडणारे होते, आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढी फट ठेवून ते खिटीने अडकविलेले होते. तिकिटे नीट तपासता यावीत म्हणून. १८३ मुले तेथे चेंगरून मेली. आग नव्हती, धूर नव्हता. होती ती एक खिटी. आतून नुसते ढकलले की उघडणारा आडवा दांडा आज मोठ्या सभागृहांच्या दारांना दिसतो, त्याचा शोध या दुर्घटनेनंतर लागला. आपल्या देशात दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. तेथे आग होती. परंतु बाल्कनीतली एक वाट जादा खुर्च्यांनी बंद झालेली होती आणि माणसांना वेळेवर बाहेर पडता आले नाही. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की बाहेर पडण्याचे दार आतल्या माणसाला किल्लीवाचून उघडता आले पाहिजे. वाक्य लहान आहे, पण मी तक्ता भरला त्या दिवशी ते वाचलेले नव्हते.

आता आपल्या तीन दारांविषयी. कंत्राटदाराने तिन्ही दारांना एकच जात सुचविली आहे. घाऊक घेतल्यास स्वस्त पडते, हे त्याचे कारण. मला ते मान्य नाही. भांडारगृहात गणपतीची चांदीची उपकरणी आणि महोत्सवाची भांडी असतात; तेथे वीज गेली तरी बंद राहणारे कुलूप चालेल, पण सोबत साधे, हाताने उघडणारे गोदरेजच्या जातीचे कुलूप हवेच आणि आतून फिरणारी मूठही हवी; कारण भांडी मोजावयास आपल्यापैकीच कोणी तरी आत जाते. वाचनालयाला चुंबकाची जात असावी, वीज गेली की सुटणारी. पुस्तके चोरीस जातील अशी भीती एका सभासदांनी बोलून दाखविली. चोर मराठी पुस्तके नेऊ लागला तर आपण त्याला आजीव सभासद करून घेऊ. चुंबकाला आतून एक हिरवी पेटी लागते, काच दाबली की सरळ कुलुपाचाच प्रवाह तोडणारी. मध्ये कोणत्याही यंत्राची परवानगी घ्यावी न लागणारी. आणि मागच्या जिन्याला, जेथून नाटकाच्या दिवशी आपली तीनशे माणसे उतरतात, आतल्या बाजूने कसलेही कुलूप नको, ढकलावयाचा दांडा हवा. बाहेरून यावयाचे असेल त्याच्यासाठी किल्लीची कळ ठेवा. तिचे योग्य स्थान तेच. कार्ड हरवले, बोटांचे यंत्र रुसले, तर पहारेकऱ्याने किल्ली फिरवावी.

बोटांच्या यंत्रावरून आठवले. आपल्यापैकी पुष्कळांची मुले पुण्याला, बंगळूरला वा परदेशी आहेत आणि ती काळजीपोटी आईवडिलांच्या दाराला नवनवी यंत्रे बसवून जातात. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध दांपत्याच्या दाराला असेच बोट ओळखणारे कुलूप आहे. आजींच्या बोटांचे ठसे आयुष्यभर भांडी घासून झिजलेले. यंत्र त्यांना दहा वेळा नाही म्हणते. आता त्या दिवसा दार लावतच नाहीत, मध्ये फक्त एक खुर्ची सरकवून ठेवतात. दिवाळीला मुले येतील तेव्हा त्यांच्याशी या विषयावर बोला. आतून मूठ फिरविली की दार उघडते ना, एवढे तरी त्यांच्यादेखत पाहून घ्या.

बॅटरीवर बसविल्याची तारीख रंगाने लिहावी आणि तीन वर्षांनी ती मुकाट्याने बदलावी. कळेच्या किल्ल्यांपैकी एक पहारेकऱ्याच्या खोलीत काचेच्या पेटीत असावी. ती कोणाही पदाधिकाऱ्याच्या खिशात नसावी. खिसा सभेला जातो, गावाला जातो. आणि गणेशोत्सवापूर्वी एका रविवारी मुख्य बटण बंद करून, बॅटरीची तारही काढून, तिन्ही दारे आतून उघडून पाहावीत. हे काम मी माझ्याकडे घेतो.

आमच्या त्या कार्यालयातले कुलूप पुढे बदलले. नवे चुंबकाचे, आत हिरवी पेटी आणि दाराला पुन्हा मूठ. काम पुरे झाले त्या दिवशी मी दप्तऱ्यांना बोलावून ते दाखविले. त्यांनी मला बाहेर उभे राहावयास सांगितले, स्वतः आत जाऊन दार लावले आणि कंत्राटदाराच्या माणसाकडून वीज बंद करविली. दार उघडून ते बाहेर आले. पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. तिसऱ्या वेळी मात्र ते बाहेर आले नाहीत. मी घाबरून दार ढकलले, तर ते कपाटापाशी उभे राहून फायली लावीत होते.